खंडेरावाची पाकोळी

"औषध मारायचं नाय, राजाबाई. माझा भाऊ हाये त्यो."

एवढं बोलून कडूबाईनं बांधावरच फतकल मारली. थोरल्या नणंदेला ओलांडून फवारणीचा पंप उचलायचा कसा?

खुलताबादच्या डोंगराखालचा हा गुलाबाचा तुकडा. चराईला रान उरलं नाही तेव्हा राजाबाईनं आन् तिच्या नवऱ्यानं, खंडेरावानं, मेंढरं विकून लावलेला. फुलं दर्ग्यापुढच्या चादरवाल्याकडं जायची. खंडेराव आखाडात वारला. रीतीप्रमाणं, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. पिठावर ज्याचा माग उमटंल, तो गेलेल्याचा पुढला जन्म. सकाळी टोपलं उचललं तर पिठावर हिरवी पाकोळी, दिव्यावरच्या पतंगागत, पंख सपाट पसरून बसलेली. कोवळ्या पानाचा तुकडाच जणू. बाया हुंदक्यानं रडल्या. कडूबाईनं ती ओंजळीत धरली आन् गुलाबावर नेऊन सोडली.

आता त्या गुलाबाला उंट अळी लागलेली. पाठीची कमान करत चालणारी, चाहूल लागली की काडीगत ताठ उभी राहणारी. कडूबाईच्या लेखी ही त्या पाकोळीच्या अंड्यांतली, सगळी खंडेरावाची लेकरं. दिव्या-पिठाचं राजाबाईलाही खोटं वाटत नव्हतं, म्हणून तिनं हात आवरला होता. पण आज चादरवाल्यानं फुलांची पाटी तशीच माघारी लावली. कुरतडलेली फुलं पीराला कशी चढवू, म्हणाला. उरूस तोंडावर, आन् झाडावर धड कळी नाही. हे साल गेलं, तर तुकडाच मोडावा लागणार.

"वन्सं," ती शेवटी बोलली, "तुमचा भाऊ तापानं फणफणला तरी अळ्या येचूनच घरी यायचा. झाला आसंल पाकोळी, व्हऊ द्या. पन ह्यो गुलाब नासू दील का त्यो?"

कडूबाईनं पदर तोंडाला लावला.

पंपाला राजाबाईनंही हात लावला नाही. औषधानं पाकोळ्याही मरतात, आन् तेवढं तिच्यानं होणार नव्हतं. डब्यात साबणाचं पाणी घेऊन ती सरीत शिरली. पहिली अळी चिमटीजवळ ताठ उभी राहिली, हलंना. राजाबाई थांबली. लई वेळ थांबली. मग ती उचलून पाण्यात टाकली, पुढचं पान उलटं केलं, आन् दुसरी शोधायला लागली.