करून दाखव

“अगं, लाजतेस काय? काढ आवाज. इथं कोण परकं आहे?”

मुलाखत घ्यायला टेबलामागे तिघे होते. मधले साहेब हसत म्हणत होते. मी खुर्चीच्या टोकावर, मांडीवर फाइल.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, “तुमची उणीव सांगा.” कॉलेजातल्या सरांनी उत्तर पाठ करून घेतलं होतं. कामात मी स्वतःला विसरते, हीच माझी उणीव. सगळ्या मुलींनी पाठ केलं. मीही केलं. पण ऐन वेळी ते तोंडातून निघेना. आमच्यात मेंढी विकताना आबा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच तिची खोड सांगतात. ही कळपातून फुटते. हिचं एक थान आटलंय. मला वाटलं, हे लोकही तसंच विचारतायत.

म्हणून खरं सांगितलं.

“सर, मला हळू बोलता येत नाही. आमची मेंढरं आहेत. फुलंब्रीकडच्या माळावर वाढले. लांबून हाळी देऊन देऊन आवाज मोठाच निघतो.”

“हाळी? ती कशी असते? करून दाखव.”

मला तो मुलाखतीचाच भाग वाटला. खरंच वाटला. मी उभी राहिले आणि दिली.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही. मागे राहिलेल्या गाभण मेंढीसाठी आई तो काढते.

काचेपलीकडचे लोक वळून बघायला लागले. साहेब टेबलावर हात आपटून हसले. शेजारच्या बाईंनी रुमालात तोंड लपवलं. तिसऱ्याने मोबाइल काढला. “अजून एकदा. आम्हाला मेंढरं समज.”

तेव्हा कळलं.

“नाही,” मी म्हणाले.

“नोकरी पाहिजे ना?”

पाहिजे होती. घरात शिकलेली मी पहिली. चाऱ्यामागे गावोगाव फिरणं आणि लोकांच्या बांधावरून हाकलून घेणं माझ्यापाशी थांबावं, म्हणून आबांनी मला होस्टेलला ठेवलं.

“पाहिजे. पण हे नाही करणार.”

फाइल उचलली. दार ढकलायचं की ओढायचं, तेही कळेना. मागे हसणं चालूच.

गेटबाहेर आबा उभे होते.

“लवकर झालं व्हय गं बाई? काय इचारलं?”

“उणीव विचारली.”

“मंग? खरी सांगितली ना?”

“व्हय.”

आबांचा चेहरा उजळला. “मंग झालं की! खऱ्याला कोन नाय म्हनतंय?”

बसमध्ये मी खिडकीबाहेरच बघत राहिले. आत काय झालं, ते आबांना आजही माहीत नाही. हसले ते टेबलामागचे तिघे. पण पहिली हाळी मी दिली होती, आपल्या पायांवर उभी राहून. ते अजून सलतं.

मी मुलाखती देते. उणीव विचारली की हीच सांगते. करून दाखव म्हटलं की फाइल उचलून निघायला उठते. आतापर्यंत दोनदा उठले. तिसऱ्यांदाही उठेन.