बोट आलेली स्लाइड

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी अजमेरला, शिकवत होतो त्या कॉलेजच्या वाचनालयात होतो. वडील गेले होते, आणि मला पहिल्यांदा आठवला तो दादाचा हात.

अण्णा रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिले. आधी जळगाव, मग जयपूर. जन्मभर ऊन भोगलेल्या या माणसाला वेड होतं ते बर्फाचं. थोरला दादा फौजेत, बर्फातल्या चौकीवर. अण्णांनी त्याला आपला कॅमेरा दिला होता आणि हिवाळाभर तो तिथून रोल पाठवायचा. मे महिन्यात बाहेर लूचा गरम वारा सुटला की अण्णा खिडक्या लावून घेत, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत आणि भिंतीवर चादर लावून स्लाइड दाखवत. शेजारचे शर्माजी पाय पोटाशी घेत म्हणायचे, “भाईसाहब, अब तो रज़ाई मँगवाइए!” अण्णा खूश.

एका रोलमधलं सर्वांत मोठं शिखर मात्र हातमोज्यातल्या जाड बोटाने निम्मं झाकलं होतं. अण्णा भडकले. जवळचं दिसेनासं झाल्यामुळे पत्रं ते सांगत आणि मी लिहायचो. “लिही, बोट आलंय. पुन्हा काढ.” एवढंच सांगून ते आंघोळीला गेले. मी तेव्हा बी.ए.ला होतो, पत्र असं तुटक सोडणं मला जमेना. पुढे मी लिहिलं, ‘या वेळी हातमोजा काढून.’ वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, “ठीक.”

दादाने ऐकलं. शिखरावर ऊन यायची वाट पाहत तो उघड्या हाताने उभा राहिला. फोटो अप्रतिम आला. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली, ती कापावी लागली.

पुढच्या मे महिन्यात अण्णांनी प्रोजेक्टरवर त्यालाच बसवलं. आधी बोट आलेली स्लाइड, मग स्वच्छ शिखर. “फ़र्क़ देखिए! मैंने ही लिखवाया था, दस्ताना उतारकर खींचो.” शर्माजींची नजर दादाच्या हाताकडे गेली. अण्णांनी लगेच टोकलं, “उधर नहीं, शिखर देखिए. उंगलियाँ तो आठ बची हैं।” दादा हसला, आणि उरलेल्या बोटांनी पुढची स्लाइड सरकवली...

दर उन्हाळ्यात हेच. ते वाक्य आपलंच, अशी अण्णांची खात्री झाली होती. मी ती कधी मोडली नाही. त्यांचा निर्दयपणा माझ्या सोयीचा होता.

तेराव्यानंतर दादाने स्लाइडची पेटी उघडली. शिखर बाजूला ठेवून त्याने बोट आलेली लावली. चादरीवर हातभर लांब, धूसर बोट उमटलं. दादा जवळ गेला आणि आपला पंजा त्याच्या शेजारी धरला.

“एवढंच उरलंय बघ त्या बोटाचं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “म्हाताऱ्याने मरेपर्यंत एका शब्दाने माफी मागितली नाही.”

मी तोंड उघडलं... आणि म्हणालो, “स्वभावच तसा होता त्यांचा.”

पेटी, प्रोजेक्टर, चादर, सगळं आता दादाकडे आहे. ती स्लाइड त्याने यंत्रातून काढलेली नाही. आणि वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितोय, ती त्याच्याकडे टपालाने चार दिवसांनी पोचते.