दादाचं फोल्डर

पुंडलिकनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ‘पार्ट उद्या येतोय’, ‘मशीन टेस्टिंगला लावलंय’ असलं खोटं आम्ही दिवसातून चार वेळा बोलतो आणि ते कुणाला लागत नाही. मी बोललेलं एक खोटं मात्र लागलं. ज्यांना लागलं त्यांना ते खोटं होतं हे पाच वर्षं कळलं नाही. मी सांगितलं नाही. घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुजी आमच्याच गल्लीतले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे सिल्लोडकडच्या एका खेड्यातले, मेंढपाळाच्या घरातले. घरात शिकलेले ते एकटेच. थोरला भाऊ, म्हणजे त्यांचा दादा, जन्मभर मेंढरांमागं हिंडला म्हणून धाकट्याला शाळेत बसता आलं. हे ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून कितीदा तरी सांगायचे.

त्या दादाला घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी हाती जे आठ-दहा दिवस होते त्यांत गुरुजी मोबाइल घेऊन दादाच्या मागं मागं फिरले. मेंढरांना बोलवायची हाक, कुत्र्याला दटावणं, दोन बोटं तोंडात घालून मारलेली शीळ, कुठल्या शिवारात बसायचं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, सगळं रेकॉर्ड केलं. मोबाइल भरला तेव्हा ते कॉम्प्युटरवर घेतलं. कसं घ्यायचं ते मीच शिकवलं होतं. कॉपी नाही, कट-पेस्ट. ‘मोबाइल मोकळा होतो गुरुजी,’ असं म्हणालो होतो.

त्या रेकॉर्डिंगमध्ये माळावरचा वारा फार होता. आवाज साफ करायचं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतंय का म्हणून गुरुजींनी इंटरनेटवर शोधलं, एका हिरव्या बटणावर क्लिक केलं, आणि त्यातून ती बला घरात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर पायांमध्ये सीपीयू ठेवून ते दुकानात आले. दादाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता.

“बघ रं बाबा हे. एक बाई इंग्रजीत ओरडायलीय. गप बस म्हणलं तर अजूनच ओरडती.”

मी वायर जोडून मशीन चालू केलं. लाल खिडकी, वर ढालीचं चित्र, नामांकित अँटिव्हायरससारखंच दिसणारं पण एका अक्षरानं वेगळं नाव. सायरन. व्हायरसचा आकडा भराभरा वाढत होता. खाली फोन नंबर, ताबडतोब फोन करा नाहीतर सगळ्या फाइली जातील. मला दोन मिनिटांत कळलं. ती खिडकी ई ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडल्याचं सांगत होती आणि त्या मशीनला ई ड्राइव्हच नव्हता. मी नेटची वायर काढली तरी आकडा वाढतच होता. अख्खी डिस्क दहा सेकंदांत तपासून झाली म्हणत होती.

“गुरुजी, हे नकली आहे. घाबरायचं नाही.”

“फोन नाय केला मी. पण त्या लाल बटणावर दाबलं. दोनदा दाबलं. बंद होईल म्हणून.”

“काही होत नाही.”

“डेस्कटॉपवर दादाचं फोल्डर हाय. तेवढं सांभाळ लेका. बाकी सगळं गेलं तरी चालंल.”

मी मास्किंग टेपचा तुकडा फाडला, त्यावर पेननं ‘दादा फोल्डर – ठेवणे’ लिहिलं आणि सीपीयूच्या बाजूला चिकटवला. ते समाधानानं गेले.

असलं नकली अँटिव्हायरस काढायला अवघड नसतं, वेळखाऊ असतं. नेट तोडायचं, सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टींवर, मशीन चालू करायचं, ते सॉफ्टवेअर काढायचं, मशीन चालू होताना ते पुन्हा उठतं ती जागा शोधून पुसायची, ब्राउझरमध्ये त्यानं मिळवलेली परवानगी रद्द करायची, मग खऱ्या अँटिव्हायरसनं सगळं तपासायचं. दीड-दोन तास समोर बसावं लागतं. आम्ही बसत नाही. आमच्याकडं कुठल्याही रोगाला एकच औषध, फॉरमॅट मारायचा. सी ड्राइव्ह पुसायचा, विंडोज नवी टाकायची, मशीन आपोआप चालत राहतं आणि आपण दुसऱ्या कामाला मोकळे. डी ड्राइव्हमधलं राहतं. डेस्कटॉप मात्र सी ड्राइव्हमध्ये असतो, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. मला माहीत होतं.

त्या दिवशी टेबलावर पाच मशीन होती. जागा व्हावी म्हणून गुरुजींचा सीपीयू मी आडवा टाकला. टेपची बाजू खाली गेली. दुपारी हाताच्या सवयीनं मी एकामागोमाग पाचही मशीनना फॉरमॅट लावला.

काम झाल्यावर सीपीयू उभा केला तेव्हा टेप दिसला.

मी खुर्चीत बसून राहिलो. शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा एक मियाँभाई आहे, माझ्याच वयाचा. तो चहा घेऊन आला.

“क्या उस्ताद, कौन मर गया?”

मी टेप दाखवला. तो हसायचा थांबला.

“अब इसको हात नक्को लगाओ. बंद करो. हार्डडिस्क निकालके औरंगपुरे में वो रिकव्हरीवाला है ना, उसको देओ. आधा तो भी निकलेगा. जितना चलाओगे उतना जाएगा.”

त्याचं खरं होतं. पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मरते. पण डिस्क तिकडं पाठवायची म्हणजे गुरुजींना आधी सांगायला हवं होतं की मी फॉरमॅट मारला.

“हौ, देतो,” मी म्हणालो आणि दिली नाही. मशीन चालूच ठेवलं. प्रिंटरचं, फॉन्टचं, व्हिडिओचं, जे जे टाकायचं ते सगळं टाकत बसलो. हे हातून चुकून झालेलं नव्हतं. डिस्कवर काही उरलं तर कधीतरी कुणाला तरी सापडेल आणि मी फॉरमॅट मारल्याचं उघडं पडेल, असं डोक्यात होतं.

पाच वाजता गुरुजी आले.

“झालं का? फोल्डर?”

“गुरुजी, व्हायरसनं खाल्लं.”

ते स्टुलावर बसले.

“तू तर म्हणला काही होत नाय.”

“आत शिरलेला होता. तुम्ही त्या लाल बटणावर दाबलं होतं ना? दोनदा?”

माझं हे वाक्य मला शब्दनशब्द आठवतं. मी फक्त खोटं बोललो नाही. त्यांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट उचलून त्यांच्याच अंगावर टाकली.

“व्हय,” गुरुजी म्हणाले. “दाबलं होतं.”

चार-सहा दिवसांनी ते दादाला घेऊन आले. डोक्याला पटका, गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं, उंच म्हातारा माणूस. गावाकडून मुद्दाम एसटीनं आला होता. आपला आवाज कसा होता ते ऐकायला बोलावलं होतं त्याला, आणि बोलावल्यावर हे झालं होतं. गुरुजींना वाटलं, दादाच्या समोर मी काही खटपट करून बघेन.

“बघ की रं एकदा. कुठं एखादा तुकडा राहिला असंल.”

मी माउस हलवला, दोन-तीन खिडक्या उघडल्या, बंद केल्या. मान हलवली.

“माझ्या हातून गेलं रं दादा,” गुरुजी म्हणाले. “नको तिथं बोट लावलं मी.”

दादानं हातानंच ‘जाऊ दे’ म्हटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन बोटं तोंडात घातली, जन्मभराच्या सवयीनं. गाल फुगलेच नाहीत. श्वास आता तोंडावाटे येतच नव्हता, गळ्याला पाडलेल्या भोकातून येत होता. गळ्यावरचं फडकं तेवढं हललं. त्यानं बोटं काढली, धोतराला पुसली आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. मियाँभाई त्याच्या गाळ्यातून बघत होता. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाला, “कायकू ऐसा किया उस्ताद?” मी खाली वाकून कुलूप लावलं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही, आणि पुन्हा मला उस्ताद म्हणाला नाही.

दोन वर्षांनी दादा गेला. दहाव्याहून परत आल्यावर गुरुजी दुकानात आले होते. डोकं भादरलेलं. म्हणाले, “शेवटी शेवटी कानाला हात लावून खुणेनं मागायचा, ऐकव म्हणून. विसरायचा. दर बारीला मला नव्यानं सांगावं लागायचं की मी घालवलं.” मी चहा सांगितला.

या उन्हाळ्यात ते पुन्हा सीपीयू घेऊन आले. तोच जुना सीपीयू, चादरीत गुंडाळलेला.

“तसलंच आलंय पुन्हा. पण या बारीला मी कशालाच हात लावला नाय. वायरच उपटली.”

मी म्हणालो, ठेवून जा.

“नाय. मी बसतो. बघायचंय मला.”

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सेफ मोडमध्ये मशीन चालू केलं आणि पाच वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते एकेक करत गेलो. ते शिक्षक माणूस, प्रत्येक पायरीला विचारत होते, हे कशासाठी, ते कशासाठी. मी सांगत होतो. शेवटी खरी तपासणी पूर्ण झाली. गुरुजींनी चष्मा पुसला आणि स्वतः माउस घेतला. नातवाचे फोटो उघडले. पेन्शनचे कागद उघडले. सगळं जागेवर होतं.

“म्हणजे ही बया नुसती ओरडती. खात नाय काही.”

“नाही गुरुजी. ही फक्त भीती घालते. फोन करायला लावते. मग फोनवरचा माणूस लुटतो.”

“बटण दाबलं तरी?”

मी नेटची वायर गुंडाळायला घेतली. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

“बटण दाबलं तरी खात नाय?”

“तेव्हाचीही अशीच होती,” मी म्हणालो. “तिनं एकही फाइल खाल्ली नव्हती. मी फॉरमॅट मारला. तुमच्यासमोर टेप लावला होता, तो मी बघितला नाही. नंतर मियाँभाई म्हणाला डिस्क रिकव्हरीला दे, आधं तरी निघेल. मी दिली नाही. तुम्हाला कळू नये म्हणून.”

एवढं एका दमात बोललो. त्यांनी शिवी द्यावी, हात उगारावा असं मला वाटत होतं. ते स्क्रीनकडं बघत होते.

“आधं निघालं असतं?”

“कदाचित.”

“दादा जित्ता व्हता तवा सांगितलं असतं तर...” ते थांबले. “आवाजाचं सोड. त्याला एवढं तरी सांगितलं असतं मी, की माझ्या हातनं नाय गेलं म्हणून. तो मला कधी काही बोलला नाय. बोलणार कसा?”

ते उठले. दाराशी चपला घालताना तोल गेला तेव्हा मी पुढं झालो. त्यांनी माझा हात धरला नाही, भिंत धरली.

सीपीयू ते न घेताच गेले. त्याला महिना होऊन गेला. दोनदा फोन केला, उचलला नाही. परवा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सीपीयू माझ्या रॅकवर उभा आहे, साफ केलेला. जुना टेप मी काढलेला नाही, त्यावरचं अक्षर अजून वाचता येतं.