दोनाचे सहा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वडील शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांच्याजवळ बसून बोलावं असं एकदा मनात आलं होतं – पण तेव्हाही नाहीच. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

तारापूर एमआयडीसीत औषधाची पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सिस्टीम अ‍ॅडमिन होतो. सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर, कुणी पासवर्ड विसरला – सगळं माझ्याकडे. आता दुसरीकडे आहे. काम तेच.

कुंदाताई तिथे लॅबमध्ये होत्या. जवळच्या दांडी गावच्या. घरची सगळी माणसं मासेमारीत, आणि या बारावी होऊन कारखान्यात लागल्या, त्याला सतरा वर्षं झालेली. प्रत्येक बॅचमध्ये पाण्याचा अंश किती, तो आकडा यंत्रावर बघायचा आणि कॉम्प्युटरवर भरायचा, हे त्यांचं काम. नवा केमिस्ट आला की मॅनेजर त्याला सांगायचे, अडलं तर कुंदाताईंना विचार. पूर्वी हे आकडे वहीतही उतरवत. ती वही बंद करायला लावली ती मीच. दोनदा कशाला लिहायचं?

आता थोडं मेमरीबद्दल सांगावं लागेल. सर्व्हरच्या मेमरीच्या पट्टीवर एक चिप जास्तीची असते. आतल्या आत एखादा आकडा बिघडला तर तो पकडायचा, सुधारायचा, हे तिच्यामुळे होतं. साध्या कॉम्प्युटरच्या पट्टीत ती नसते. आमच्या सर्व्हरची एक पट्टी गेली. नवी यायला आठवडा लागणार होता, आणि सर्व्हर बंद ठेवणं शक्य नव्हतं. मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली साधी पट्टी काढून त्यात बसवली. सर्व्हर सुरू झाला. सुरू होताना स्क्रीनवर सूचना आली, की चूक पकडण्याची सोय आता बंद राहील. मी ती वाचली आणि एंटर दाबला.

आठवड्याने नवी पट्टी आली. ती बसवायला सर्व्हर बंद करायचा, म्हणजे परवानगी मागायची, म्हणजे आत काय बसवलंय ते सांगायचं. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढच्या आठवड्यात बघू – असं किती वेळा म्हटलं असेन? चार महिने गेले.

मग ग्राहकाकडून माल परत आला. त्यांच्या तपासणीत एक आकडा, आमच्या कागदावर दुसरा. मागच्या बॅचचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तर आणखी सात बॅचचे आकडे चुकलेले. आठही नोंदी कुंदाताईंच्या नावावर.

मॅनेजरांनी मला ती यादी काढायला सांगितली. काढली. दोनाच्या जागी सहा. शून्याच्या जागी चार. एकाच्या जागी पाच. परत दोनाच्या जागी सहा. मी बघत राहिलो. कॉम्प्युटरच्या आत या जोड्यांमध्ये एकाच बिटचा, म्हणजे एकाच शून्य-एकाचा, फरक असतो, आणि प्रत्येक जोडीत तो त्याच जागी असतो. माणूस असा चुकत नाही. माणसाचं बोट शेजारच्या बटणावर पडतं, दोनाचे तीन होतात. हे समजायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

म्हणजे मला कळलं होतं. संशय वगैरे नव्हता – कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये कुंदाताई उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. आवाजही चढवला नाही.

"मी दोनच टाकलंय, सर. पक्का आठवतंय माला. सहा आलं असतं तर मी स्वतःच बॅच थांबवली असती ना?"

मग ताई माझ्याकडे वळल्या.

"तुमाला यातलं कळतं. मशीन चुकू शकतं का, सर?"

मॅनेजरही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मशीन चुकत नाही, ताई. जे भरलं तेच दाखवतं."

एवढंच. दोन वाक्यं.

त्यांना लॅबमधून काढून ड्रमवर लेबलं चिकटवायच्या कामाला लावलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी ड्रॉवरमधली पट्टी सर्व्हरमध्ये बसवली. काढलेली साधी पट्टी तपासून बघितली. एकाच जागी चूक, पुन्हा पुन्हा. सर्व्हरमधली त्या सूचनेची नोंद पुसली. त्या पट्टीचे दोन तुकडे करून बेटेगावच्या रस्त्याला टाकून दिले. भीती वाटत होती का? फारशी नाही. हात व्यवस्थित चालत होते, हे आठवतं. पुढे आकडे एकदाही चुकले नाहीत, आणि मॅनेजर म्हणाले, बघा, माणूस बदलल्याबरोबर फरक पडला.

सहा महिन्यांनी कुंदाताईंनी नोकरी सोडली. मी त्या दिवशी रजेवर होतो. मुद्दाम.

तीनेक वर्षांनी त्या मला पालघरच्या एका कॉलेजात भेटल्या. मी भाचीच्या प्रवेशासाठी गेलो होतो, त्या मुलीच्या. मुलगी झेरॉक्सच्या रांगेत होती. ताईंनीच हाक मारली, घरच्यांची चौकशी केली. मग हातातला फॉर्म आणि मुलीची गुणपत्रिका माझ्यापुढे धरली.

"एवढे मार्क भरून द्या ना, सर. मी आता आकडे लिवत नाय. घरात पण नाय लिवत. माजा हात चुकतो."

त्यांनी हे सहज सांगितलं, डोळ्याला चष्मा लागला असं कुणी सांगावं तसं. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांनी माझं ऐकलं होतं – आणि ते खरं मानलं होतं.

सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती? बाकावर आम्ही दोघंच होतो. मी पेन काढलं, सहा विषयांचे गुण भरले, खाली बेरीज लिहिली आणि फॉर्म परत दिला. त्या "बरं झालं तुमी भेटलात" म्हणाल्या, आणि एकदाही न तपासता त्यांनी तो ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवला.