सौदीचं घड्याळ

नवरा गेला तरी गास गावच्या सालोमीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. प्लासिड सौदीत एका कंपनीच्या कॅम्पात फिटर होता. झोपेतच गेला आणि तिकडेच त्याला माती दिली. गाव म्हणालं, बाईला काळीज नाही. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! मी शेजारीण, रोज बघत होते. केळीला पाणी लावताना ती मधेच उभी राहायची, पाट फुटून वाहायचा, तरी तिला पत्ता नसायचा. ती पार बधिर झाली होती.

त्याच्या नावाने चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली आणि त्याची पेटी आली. त्यात दोन शर्ट, रोझरी आणि उशाशी असायचं ते विजेवरचं घड्याळ, आकड्यांची पानं उलटणारं. गजर पहाटे साडेचारचा, त्याच्याच हाताने लावलेला. एवढ्या दिवसांत सालोमीने पहिल्यांदा काही मागितलं.

"मला तो गजर ऐकायचाय. ते रोज काय ऐकून उठत ते."

घड्याळाच्या पिना चपट्या, आमच्या भिंतीतली भोकं गोल. तिचा दीर ॲन्सेल्म लगेच वायर कापून उघड्या तारा भोकांत घालायला आणि आगकाडीने दाबायला निघाला. अर्धं गाव आगकाडीवरच चालतं म्हणा. सालोमीने त्याचा हात धरला.

"जळलं तर दुसरं कुठून आनू?"

मग वायरमन जॉनला बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, तिकडची वीज एकशे दहाची, आपली दोनशे तीसची. लावलं असतं तर धूरच निघाला असता." त्याने मधे एक ट्रान्सफॉर्मर जोडला आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ बघून वेळ लावून दिली. पानं उलटायला लागली.

गजर झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आठ वाजून गेल्यावर. मी तिथेच फुलं बांधत होते. असला कर्कश आवाज की माझ्या हातातला मोगरा सांडला. सालोमी ऐकत राहिली.

"ह्यानं उठत ते? घरी तर उठवायला मी पायाला नुसता हात लावायची."

आणि ती रडली. मीही रडले, लपवू कशाला?

जॉन परत आला, डोकं खाजवत बसला. "तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. हे घड्याळ हेलकावे मोजून चालतं, म्हणून मागे पडतं. आपल्याकडचं मशीन बसवून देऊ?"

"नको. गजर बदलेल."

तीन वर्षं झाली. गजर कधी सकाळी होतो, कधी भर दुपारी. सालोमी हातातलं काम टाकून आत जाते आणि बटण हळूच दाबते, पायाला हात लावावा तसं.