गायब माणसाचा देखावा

आमच्या काळाचौकीच्या मंडळात गणपतीचा देखावा ठरवायची बैठक म्हणजे भांडणाचा मुहूर्त. यंदा माझ्या नातीने पहिल्यांदाच विषय मांडला: औषध पिऊन अदृश्य झालेला माणूस. रिकामा कोट, आपोआप चालणाऱ्या चपला आणि मागून आवाज. पुठ्ठ्याचा नमुनाही केला होता. हा नापास झाला तर परत मंडळाची पायरी चढणार नाही, असं तिने मला जिन्यातच बजावलं होतं.

अध्यक्ष आमच्याच मजल्यावरचे, मालवणचे. त्यांनी कोट बोटाने हलवून पाहिला. यात बोध काय, हा तर पोरांचा खेळ, असा निकाल दिला. नात माझ्याकडे बघायला लागली.

विशीत मीही तेच म्हटलं असतं. माहेरी भोईवाड्यात वाचनालयातून असल्या विज्ञानकथा आणायच्या आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायचं, हा माझा उद्योग. अदृश्य माणसाची गोष्ट वाचून मला प्रश्न पडला तो एकच, औषधात काय काय घातलं असेल. माझी भिस्त लिंबू आणि नवसागरावर होती. घासलेटही मनात होतं, पण आई वेळेवर आली. पुढे बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोहे ठेवून आत आले, तेव्हा वाटलं, आत्ता गायब होता आलं तर हे माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकता येईल. गोष्टीचा अख्खा अर्थ तिथे हात जोडून उभा होता, आणि ही विदुषी पोह्यांत मिरची जास्त झाली का याच विचारात. त्या लेखकांना औषधाशी कर्तव्यच नव्हतं, हे कळायला केस पिकावे लागले. परग्रहावरचा पाहुणासुद्धा ते बोलावतात ते आपण त्याच्याशी कसे वागतो ते बघायला.

म्हणून मी बैठकीलाच विचारलं, एक दिवस तुम्ही कुणालाही दिसणार नाही, बाप्पालासुद्धा नाही, तर काय कराल?

खजिनदार मोठ्या गणपतीची रांग टाळून थेट पायाशी जाणार होते. सजावटवाले पलीकडच्या मंडळाचा देखावा पडदा उघडायच्या आधीच बघून येणार होते. परोपकाराला कुणीच निघालं नाही. हसून हसून चहा सांडला. अध्यक्ष तेवढे कोटाची बाही चाळवत होते.

"तुम्ही हो?" नातीने विचारलं.

"खरा सांगू?" ते माझ्याकडे वळले. "वयनी, मी पयलो माझ्याच घरात जातलंय. माझ्यामागे माका काय म्हणतत, ता ऐकाक."

आता कुणी हसलं नाही. नात हळूच म्हणाली, "काका, देखावा हाच आहे."

त्यांनी कोट सरळ केला आणि मंजूर म्हणाले. आवाज मात्र वयनीचा हवा.

आता गणपतीत आमची रांग पुढे सरकत नाही. माझा प्रश्न ऐकून लोक कोटासमोरच थांबतात, एकमेकांना कोपराने ढोसतात, आणि उत्तर देताना नवरे बायकांकडे बघत नाहीत. माझी नात गळ्यात मंडळाचा बिल्ला घालून ओरडत असते, "पुढे चला, पुढे चला, उत्तर घरी जाऊन द्या."