जर्नलमधला खोडलेला आकडा

"मॉडरेट डिप्रेशन," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मध्यम नैराश्य. नुसती उदासी नव्हे, औषध आणि समुपदेशन दोन्ही लागणारा आजार. "तीन महिने तरी अंगावर काढलंय हिनं."

मी मान खाली घातली. तीन महिन्यांपूर्वी मीच तिची चाचणी घेतली होती.

आजारी होती माझी रूममेट सुजाता, आजऱ्याची. दोघी एमए मानसशास्त्राला, कोल्हापुरात एकाच खोलीत. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी नैराश्याची प्रश्नावली कुणाकडून तरी भरून घ्यायची होती. बाहेरचं माणूस शोधायचा आळस, म्हणून तिलाच बसवलं. गुण खूप जास्त आले, म्हणजे नैराश्य असण्याची शक्यता मोठी. निष्कर्ष मात्र मी सीनियरच्या वहीतून आधीच उतरवला होता: 'नैराश्य आढळले नाही.' दोन पानं पुन्हा कोण लिहिणार? मी आकडा खोडून कमी केला. परीक्षकांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

पुढं ती जेवणाचा डबा तसाच परत पाठवू लागली, लेक्चर बुडवू लागली. "नाटकं बंद कर की," मी म्हणायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! एका सकाळी ती अंथरुणातून उठेचना, तेव्हा घाबरून मी तिच्या आईला फोन लावला.

थायरॉइडमुळंही असं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला सांगितलं होतं; रिपोर्टची वाट बघत ओपीडीच्या बाकावर बसलो होतो. आजऱ्याहून धावत आलेली तिची आई म्हणाली, "तू तर ह्येच शिकतीस की गं. तुझ्या ध्यानात आलं न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हणाले. हे दुसरं खोटं.

रिपोर्ट नॉर्मल आला. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे गेले. ती स्वतःहून चहा करायला लागली, त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. तिनं कप खाली ठेवला.

"तू बघशील म्हणूनच खरं लिवलं हुतं मी."

याहून तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तुम्हीही हेच शिकत असाल, तर समोर बसलेलं माणूस तुमच्या जर्नलसाठी बसलेलं नसतं, एवढं ध्यानात ठेवा.

"परत घे टेस्ट," ती म्हणाली. घेतली. गुण उतरले होते, पण पुरते नाहीत. जसे आले तसे लिहिले.

"आता तू बस."

झोप, भूक, रडू. मला वाटलं त्यापेक्षा पेन्सिल फार वेळा खालच्या, जास्त त्रासाच्या ओळीकडं गेली. अपराधीपणाच्या प्रश्नाला तर विचारच करावा लागला नाही. सुजातानं बेरीज केली, दोनदा तपासली.

"ह्यो खोडायचा न्हाय," ती म्हणाली. तिच्या पुढच्या तपासणीला आम्ही दोन केसपेपर काढले, एक तिचा, एक माझा.